एकाच दीर्घिकागुच्छाची दोन वस्तुमानं येतात, तेव्हा चूक कुठे शोधायची

लक्षण ठरलेलं असतं. दूरच्या एखाद्या दीर्घिकागुच्छाचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांच्या समूहाचं, वस्तुमान तुम्ही त्यातल्या तप्त वायूच्या क्ष-किरणांवरून काढता. मग त्याच गुच्छाचं गुरुत्वीय भिंगावरून, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश किती वाकतो यावरून, काढलेलं वस्तुमान कुठल्यातरी शोधनिबंधात सापडतं आणि ते तुमच्या आकड्याच्या दुप्पट असतं. त्रुटिपट्ट्या, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या संभाव्य चुकीच्या मर्यादा, एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. गणित पुन्हा तपासलं तरी तेच उत्तर येतं.

या क्षेत्रात नवीन आलेल्या प्रत्येकाला हे एकदा तरी भेटतं, जुन्यांना वारंवार भेटतं. अशा वेळी दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मोकळं व्हावंसं वाटतं. कृपा करून तसं करू नका. दोन पद्धती दोन वेगळ्या बाजूंना चुकतात, आणि त्या चुकांची दिशा बहुतेक वेळा आधीच माहीत असते. सरासरी काढली की ती माहिती कायमची पुसली जाते. त्याऐवजी फरकाचा एकेक तुकडा कशामुळे आला, हे क्रमाने सोडवत जायचं. मी स्वतः ज्या क्रमाने शोधतो तोच इथे लिहितो आहे.

सोयीसाठी वस्तुमानाचं एकक १०^१४ सूर्य, म्हणजे शंभर लाख कोटी सूर्यांइतकं धरू. मोठा गुच्छ साधारण ५ ते १५ एककांचा असतो. समजावण्यासाठी रचलेला एक नमुनाही सोबत ठेवू: गुच्छाची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने त्याचा प्रकाश किती ताणला गेला याचं माप, जितकी जास्त तितका गुच्छ दूर) ०.६, क्ष-किरणांवरून आलेलं वस्तुमान ४.०, भिंगावरून आलेलं ८.९. फरक सव्वादोन पटींच्या आसपास.

आधी बघा, दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का

गुच्छाला कडा नसते. घनता बाहेरच्या बाजूला विरळ होत जाते आणि शेवटी आजूबाजूच्या पदार्थाच्या जाळ्यात मिसळून जाते. त्यामुळे कुठल्या त्रिज्येच्या आतलं हे सांगितल्याशिवाय ‘गुच्छाचं वस्तुमान’ या शब्दांना अर्थ नाही. रूढ पद्धत अशी आहे: ज्या त्रिज्येच्या आतली सरासरी घनता त्या काळच्या विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या (विश्व भूमितीने सपाट असायला लागणाऱ्या सरासरी घनतेच्या) ५०० पट भरते ती त्रिज्या आर-५००, आणि तिच्या आतलं वस्तुमान एम-५००. क्ष-किरणांवर काम करणारे बहुधा हेच देतात, कारण तप्त वायूचा उजेड साधारण तिथपर्यंतच विश्वासाने मोजता येतो. भिंगावर काम करणारे बरेचदा एम-२०० देतात, म्हणजे २०० पट घनतेच्या, अधिक मोठ्या त्रिज्येच्या आतलं वस्तुमान. नेहमीच्या घनतारचनेच्या गुच्छात एम-२०० हे एम-५०० च्या सुमारे १.४५ पट असतं. काही निबंधांत क्रांतिक घनतेऐवजी विश्वातल्या पदार्थाची सरासरी घनता आधाराला घेतलेली असते. तेव्हा आकडा आणखी मोठा येतो, आणि जवळच्या गुच्छांत हा फरक दूरच्यांपेक्षा जास्त असतो.

दुसरी फसवी जागा म्हणजे हबल स्थिरांक, विश्व आज किती वेगाने प्रसरण पावतं आहे याचं माप. बरेच निबंध वस्तुमान ‘प्रति एच’ या एककात देतात, जिथे एच म्हणजे हबल स्थिरांक भागिले १००. एच ०.७ धरला तर त्या आकड्याला ०.७ ने भागावं लागतं, म्हणजे तो १.४३ पट होतो. आता गंमत पाहा. एका निबंधात एम-५०० आहे ६.०. दुसऱ्यात एम-२०० आहे ८.७. तिसऱ्यात एम-२०० आहे ६.१ प्रति एच. तिन्ही आकडे एकाच वस्तुमानाचे आहेत! पहिला आणि तिसरा जुळलेले दिसतात तो निव्वळ योगायोग, आणि पहिला-दुसरा भांडताना दिसतात तो निव्वळ आभास. म्हणून आकडे जुळले तरी ही तपासणी करायचीच. जुळलेल्या आकड्यांत लपलेली चूक जास्त काळ टिकते, कारण तिथे कुणी पाहतच नाही.

या जागेचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले आणि निष्कर्ष काढला की तिथली घनता दिसणाऱ्या पदार्थावरून काढलेल्या घनतेच्या निदान ४०० पट असायला हवी. तेव्हा हबल स्थिरांक ५५८ मानला जात होता, आज तो ७० च्या आसपास आहे. वेगांवरून काढलेलं वस्तुमान अंतराच्या प्रमाणात बदलतं, प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वस्तुमान आणि प्रकाश यांचं गुणोत्तर थेट हबल स्थिरांकाच्या प्रमाणात फुगतं, इथे जवळजवळ आठपट. ती आठपट काढून टाकल्यावरही न दिसणारा पदार्थ शिल्लक राहिलाच. झ्विकींचं म्हणणं टिकलं, कारण उरलेला फरक एककांच्या कुठल्याही दुरुस्तीपेक्षा मोठा होता. तुमच्या फरकाचं तसं आहे का, हे एककं सरळ केल्याशिवाय कळणार नाही.

क्रांतिक घनता काळाबरोबर बदलते, हेही विसरलं जातं. विश्वाच्या एकूण घनतेत पदार्थाचा वाटा ०.३ धरला तर ताम्रसृती १ ला ती आजच्या ३.१ पट असते. दूरच्या गुच्छाला आजची क्रांतिक घनता लावली की त्रिज्या भलतीच मोठी येते आणि तिच्याबरोबर वस्तुमानही.

आणि आता अशी गोष्ट, जी मला बरीच उशिरा उमगली. दोन्ही पद्धतींनी आपापलं आर-५०० काढून आपापलं एम-५०० दिलं असेल, तर खरा फरक आपोआप फुगून दिसतो. क्ष-किरणांची पद्धत ठराविक त्रिज्येच्या आत वस्तुमान २० टक्क्यांनी कमी मोजते असं समजा. वस्तुमान कमी म्हणून तिचं आर-५०० सुद्धा लहान येतं, आणि त्या लहान त्रिज्येच्या आतलं वस्तुमान आणखी कमी भरतं. शेवटी एम-५०० मध्ये फरक २८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. म्हणून तुलना करताना एकच त्रिज्या घ्यावी, किलोपार्सेकमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष अंतरात मोजलेली, दोघांनाही सारखी.

आपल्या नमुन्यात भिंगाचा ८.९ हा आकडा एम-२०० चा निघाला. त्याचं एम-५०० होतं ६.१. सव्वादोन पटींचा फरक दीडपटीवर आला. मग दोन्ही वस्तुमानं क्ष-किरणांच्या आर-५०० च्या आत मोजली, तर गुणोत्तर राहिलं १.३४. अजून एकाही दुर्बिणीकडे बोट दाखवलेलं नाही आणि भांडणाचा मोठा भाग मिटलेला आहे.

वेगांवरून काढलेलं वस्तुमान सगळ्यांपेक्षा जास्त येत असेल तर

झ्विकींची पद्धत आजही वापरात आहे: गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग सरासरीभोवती किती विखुरले आहेत, म्हणजे वेगांचा पसारा किती, यावरून वस्तुमान काढायचं. दूरच्या गुच्छात इथे सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: वेगांच्या पसाऱ्याला (१ + ताम्रसृती) ने भागलं आहे का? दीर्घिकांच्या ताम्रसृतींतला फरक प्रकाशाच्या वेगाने गुणला की येणारा आकडा विश्वाच्या प्रसरणाने ताणलेला असतो. गुच्छाच्या स्वतःच्या चौकटीतला वेग हवा असेल तर तो भागाकार आवश्यक आहे. जवळच्या कोमा गुच्छात ताम्रसृती ०.०२३ आहे, तिथे विसरलं तरी वेगात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो. पण ताम्रसृती ०.९ असेल तर सेकंदाला १००० किलोमीटरचा पसारा १९०० दिसतो. वस्तुमान वेगाच्या घनाच्या प्रमाणात धरलं जातं, म्हणजे जवळजवळ सातपट चूक. माझ्या स्वतःच्या एका कामात हे घडलं होतं. तक्त्यातल्या स्तंभाला ‘वेग’ एवढंच नाव होतं आणि भागाकार आधीच झालेला आहे असं मी गृहीत धरलं. गुच्छ विक्रमी जड निघाला तेव्हा आनंद झाला होता, शंका यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून स्तंभाच्या नावावर मी विसंबत नाही. दोन दीर्घिकांच्या मूळ ताम्रसृती घेऊन हाताने गणित करून पाहतो.

त्यानंतर दीर्घिकांची संख्या. वीस दीर्घिकांवरून काढलेल्या वेगपसाऱ्यात फक्त नमुन्याच्या लहानपणामुळे १६ टक्क्यांची त्रुटी असते, वस्तुमानात ती जवळपास ५० टक्के होते. दूरच्या गुच्छांत वीस-पंचवीस वर्णपट मिळवायलाही मोठ्या दुर्बिणीच्या कित्येक रात्री लागतात, म्हणून असे आकडे बरेच छापले जातात. ते चूक नसतात, त्यांच्या त्रुटिपट्टीकडे मात्र डोळेझाक होते. त्यात गुच्छाच्या समोरच्या किंवा मागच्या चार दीर्घिका पाहुण्या म्हणून घुसल्या की पसारा लगेच वाढतो. त्यांना ओळखायचं तर केंद्रापासूनचं अंतर आणि वेग यांचा आलेख काढावा. गुच्छाचे खरे सभासद त्यात कर्ण्यासारख्या आकारात बसतात, आत रुंद आणि बाहेर निमुळते. पाहुणे कर्ण्याच्या बाहेर पडलेले दिसतात.

वेगांच्या आलेखात एकाऐवजी दोन ढिगारे दिसले, तर थांबा. तिथे कदाचित दोन गुच्छ एकामागे एक आहेत आणि आपण त्यांना एकच समजतो आहोत. सीएल ००२४+१७ या ०.३९ ताम्रसृतीच्या गुच्छाची कथा नेमकी अशी आहे. भिंगावरून आलेलं त्याचं मध्यभागातलं वस्तुमान आणि क्ष-किरणांवरून आलेलं यांत दुप्पट-तिपटीचा फरक होता आणि तो वर्षानुवर्षं छळत राहिला. शेकडो दीर्घिकांच्या ताम्रसृती हाती आल्यावर दिसलं की वेगांत दोन वेगळे घटक आहेत. आपल्या दृष्टिरेषेवरच दोन समूहांची टक्कर होऊन गेली आहे. आकाशात गोल, शांत दिसणारा गुच्छ प्रत्यक्षात खोलीच्या दिशेने लांबट होता. भिंगाला सगळं वस्तुमान एकावर एक पडलेलं दिसत होतं, आणि टकरीतून अजून न सावरलेला वायू समतोलाचं गणित पाळत नव्हता.

क्ष-किरणांचं वस्तुमान कमी का पडतं

गुच्छातला वायू १ ते १० कोटी अंश केल्विनइतका तापलेला असतो. त्याचा दाब त्याला बाहेर ढकलतो, गुरुत्वाकर्षण आत ओढतं, आणि दोन्ही तोलून आहेत असं मानलं की तापमान आणि घनता त्रिज्येनुसार कशी बदलते यावरून आतलं एकूण वस्तुमान निघतं. यालाच हायड्रोस्टॅटिक समतोल म्हणतात. पद्धत देखणी आहे, पण तिच्यात एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे: दाब सगळाच्या सगळा उष्णतेचा आहे. प्रत्यक्षात वायू खळबळतो. बाहेरून पडणारे समूह त्याला घुसळतात आणि या हालचालीही दाबाचंच काम करतात. तो दाब हिशेबात धरला नाही की गुरुत्वाकर्षण कमी लागतं, आणि वस्तुमान कमी येतं. संगणकीय सिम्युलेशनमध्ये ही तूट साधारण १० ते ३० टक्के दिसते.

खळबळ थेट मोजायची संधी हितोमी या जपानी उपग्रहाने २०१६ मध्ये दिली. तो काही आठवड्यांतच निकामी झाला, पण त्याआधी त्याने पर्सियस गुच्छाच्या गाभ्यातल्या वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर मोजला. दाबात त्याचा वाटा जेमतेम चार टक्के. अनेकांना वाटलं, चला, शंका मिटली. पण तो गाभा होता. तूट पडते ती बाहेर, आर-५०० च्या आसपास, जिथे पदार्थ अजून आत पडतो आहे. गाभ्याच्या चार टक्क्यांवरून बाहेरच्या तुटीचा निकाल लावता येत नाही, आणि असा निकाल लावलेला मी अजूनही अधूनमधून वाचतो.

तापमानाचं कॅलिब्रेशन हा वेगळाच विषय. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन्ही क्ष-किरण दुर्बिणी १९९९ मध्ये अवकाशात गेल्या आणि दोन्ही उत्तम आहेत. तरीही एकाच गुच्छाचं तापमान चंद्रा जास्त दाखवते. गुच्छ जितका गरम तितका फरक मोठा, १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (या कामात तापमान ऊर्जेच्या या एककात देतात) आसपास तो २० टक्क्यांच्या घरात जातो. ठराविक त्रिज्येच्या आतलं वस्तुमान तापमानाच्या प्रमाणात असल्यामुळे हा फरक जसाच्या तसा वस्तुमानात उतरतो. म्हणून कुणाचं क्ष-किरण वस्तुमान कमी-जास्त दिसलं, तर भौतिकशास्त्राकडे वळण्यापूर्वी मोजमाप कुठल्या दुर्बिणीचं आहे ते पाहा.

दूरच्या गुच्छांची अडचण निराळी आहे. पृष्ठतेज, म्हणजे आकाशातल्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड, (१ + ताम्रसृती) च्या चौथ्या घाताने मंदावतं, ताम्रसृती १ ला सोळापट. दिवसभराच्या निरीक्षणातून हजारभर फोटॉन मिळाले तर तापमानाचा एकच सरासरी आकडा निघतो, त्रिज्येनुसार बदल निघत नाही. मग समतोलाचं समीकरण कागदावरच राहतं आणि वस्तुमान प्रत्यक्षात ‘तापमान अमुक तर वस्तुमान तमुक’ अशा नियमावरून काढलेलं असतं. निबंधात त्याला क्ष-किरण वस्तुमानच म्हटलेलं असतं. तो नियम कुठल्या गुच्छांवर बसवला होता हे शोधून काढा.

या भागात मला सगळ्यात उपयोगी पडलेली तपासणी म्हणजे वायूचा वाटा. वायूचं वस्तुमान क्ष-किरणांच्या तेजावरून बऱ्यापैकी स्वतंत्रपणे कळतं. त्याला एकूण वस्तुमानाने भागा. मोठ्या गुच्छात आर-५०० च्या आत हा वाटा १२-१३ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. अख्ख्या विश्वात साध्या पदार्थाचा वाटा सुमारे १६ टक्के आहे, त्यात ताऱ्यांनाही जागा हवी. तुमचा वाटा २० टक्के आला, तर गुच्छाने विश्वातून जास्तीचा वायू गोळा केला असं मानण्यापेक्षा छेद लहान आहे, म्हणजेच एकूण वस्तुमान कमी मोजलं गेलं आहे, असं मानणं शहाणपणाचं. वायू गुठळ्यागुठळ्यांनी असेल तर अंशही फुगतो, कारण तेज घनतेच्या वर्गावर अवलंबून असतं. प्रतिमेत गुठळ्या दिसतात का तेही पाहून घ्या.

तिसरा साक्षीदार खरंच स्वतंत्र आहे का

भांडण सुटत नसलं की लोक सुन्याएव-झेल्दोविच परिणामाकडे वळतात. विश्वपार्श्वभूमीचे सूक्ष्मतरंग, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून सगळ्या दिशांनी येणारं प्रारण, गुच्छातून जाताना तप्त इलेक्ट्रॉन त्यांना थोडी ऊर्जा देतात. त्यामुळे २१७ गिगाहर्ट्झच्या खाली त्या जागी पार्श्वभूमी किंचित मंद दिसते, वर किंचित उजळ. या खुणेची तीव्रता अंतराने कमी होत नाही, म्हणून दूरचे गुच्छ शोधायला याहून चांगलं साधन नाही.

पण लक्षात घ्या, मोजला जातो तो वायूचा एकूण दाब. दाबावरून वस्तुमानाकडे जाणारा नियम बरेचदा क्ष-किरणांच्या हायड्रोस्टॅटिक वस्तुमानांवरच बसवलेला असतो. अशा वेळी क्ष-किरण आणि हा परिणाम एकमेकांशी जुळले आणि भिंग एकटं पडलं, तर तो दोनास एक असा कौल नव्हे. एकाच साक्षीदाराने दोनदा साक्ष दिली आहे.

ही गोष्ट किती महाग पडू शकते हे प्लँक उपग्रहाच्या निकालांनी दाखवलं. २०१३ मध्ये त्यांनी मोजलेली गुच्छांची संख्या त्यांच्याच पार्श्वभूमीच्या मोजमापावरून अपेक्षित संख्येपेक्षा कमी भरली. वस्तुमानं खऱ्याच्या ८० टक्के मोजली जातात असं धरलं होतं. दोन्ही मोजमापं जुळायची तर ती ५८ टक्केच असायला हवी होती, असं २०१५ च्या विश्लेषणात आलं. भिंगाच्या स्वतंत्र मोजणीतून एका गटाला ६९ टक्के मिळाले, दुसऱ्याला ७६. विश्वाच्या रचनेबद्दलचा एक मोठा वाद गुच्छाचं वजन किती या प्रश्नावर येऊन अडला होता. म्हणूनच या कामात दहा टक्क्यांसाठी जीव टाकणं मला जराही अतिरेकी वाटत नाही.

जाता जाता एवढंच, की गुच्छाच्या मध्यभागी रेडिओ-तेजस्वी दीर्घिका असेल तर ती सूक्ष्मतरंगांतला खड्डा भरून काढते आणि वस्तुमान कमी दिसतं. रेडिओ नकाशावर एक नजर टाकली की पुरतं.

भिंगाची बाजू

भिंगाला वायूचा समतोल लागत नाही, म्हणून त्याला निर्दोष मानण्याची सवय आहे. तसं ते नाही. पाठीमागच्या दीर्घिकांचे आकार गुच्छामुळे थोडेसे ओढले जातात. ही ओढ काही टक्क्यांचीच असते, आणि दीर्घिका मुळातच सुमारे ०.३ इतक्या लांबट असतात. ०.०३ ची ओढ दहापट खात्रीने मोजायला १०,००० दीर्घिकांची सरासरी लागते. दूरच्या गुच्छामागे तेवढ्या सापडत नाहीत.

आणखी त्रासदायक म्हणजे त्या दीर्घिका किती लांब आहेत हा प्रश्न. गुच्छ ०.२ ताम्रसृतीला असेल आणि मागच्या दीर्घिका १.५ ऐवजी १.२ ला आहेत असं चुकून धरलं, तर फरक चार टक्क्यांच्या आसपास पडतो. गुच्छ ०.९ ला असेल तर तीच चूक वस्तुमान दीडपटीहूनही जास्त करून टाकते. जवळच्या गुच्छांवर पक्की झालेली आज्ञावली दूरच्यांवर चालवणाऱ्यांचं इथेच चुकतं. त्या आज्ञावलीत मागच्या दीर्घिकांसाठी एकच सरासरी अंतर असतं आणि ते कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

गुच्छाच्याच दीर्घिका मागच्या समजून घेतल्या तर उलटं होतं. त्यांच्यावर ओढच नसते, सरासरी पातळ होते आणि वस्तुमान घटतं, केंद्राजवळ सर्वांत जास्त. यासाठी सोपी परीक्षा आहे. निवडलेल्या ‘मागच्या’ दीर्घिकांची दाटी केंद्रापासूनच्या अंतरानुसार मांडा. केंद्राकडे दाटी वाढत गेली, तर निवडीत गुच्छाचे सभासद शिरलेले आहेत. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. सगळे आकार ४५ अंशांनी फिरवून तेच गणित पुन्हा करा. गुरुत्वीय भिंग असा संकेत निर्माण करत नाही, उत्तर शून्य यायला हवं. शून्य आलं नाही तर दोष दुर्बिणीच्या प्रतिमेत किंवा आकार मोजण्यात आहे. ही परीक्षा न करता आलेलं भिंग-वस्तुमान मी वाचतो, पण वापरत नाही.

मग उरतो गुच्छाचा आकार. गुच्छ चेंडूसारखे नसतात, लांबट असतात. लांबी आपल्या दिशेला असेल तर भिंग वस्तुमान जास्त दाखवतं, आडवी असेल तर कमी. एकेका गुच्छात यामुळेच २० टक्क्यांच्या आसपास चढउतार होतो आणि तो कितीही चांगल्या प्रतिमेने जात नाही. एबेल १६८९ मध्ये गाभ्याजवळचं भिंगाचं वस्तुमान क्ष-किरणांच्या दुपटीच्या आसपास येत होतं. दृष्टिरेषेच्या दिशेने लांबट आकार धरल्यावर ती तफावत बरीचशी विरली.

प्रतिमा कुठवर पसरली आहे हेही बघायला हवं. एल गोर्दो या ०.८७ ताम्रसृतीच्या, टक्कर चालू असलेल्या प्रचंड गुच्छाचं वस्तुमान २०१२ मध्ये सुमारे २२ एककं सांगितलं गेलं. २०१४ मध्ये हबल दुर्बिणीच्या प्रतिमांवरून भिंगाने ते ३१ च्या आसपास नेलं, आणि इतक्या जुन्या काळात इतका जड गुच्छ कसा, असा प्रश्न उभा राहिला. २०२१ मध्ये हबलच्याच, पण अधिक रुंद पट्ट्याच्या प्रतिमा घेऊन पुन्हा मोजलं तेव्हा उत्तर २१ च्या जवळ आलं. मध्यभागाचं चित्र बाहेर ताणून एकूण वस्तुमान काढणं आणि बाहेरचा भाग प्रत्यक्ष पाहणं यातला हा फरक आहे. भिंगाचं वस्तुमान समोर आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: प्रतिमा आर-२०० पर्यंत पोचते का, की तिथवरचा आकडा सूत्राने लांबवलेला आहे?

नमुन्याकडे परत

गुणोत्तर १.३४ वर थांबलं होतं. क्ष-किरणांचं तापमान एक्सएमएम-न्यूटनचं निघालं. चंद्राच्या मोजणीत ते १२ टक्क्यांनी वर गेलं असतं, आणि गुणोत्तर १.२ झालं असतं. इथे एक पथ्य पाळा. गुणोत्तर सुंदर दिसतं म्हणून चंद्राचं तापमान उचलायचं नाही. १२ टक्के ही कॅलिब्रेशनची त्रुटी म्हणून स्वतंत्र लिहायची. शक्य असेल तर कुठलं तापमान वापरायचं, कुठली त्रिज्या घ्यायची आणि कुठल्या दीर्घिका वगळायच्या हे सगळं शेवटचा आकडा बघण्याआधी ठरवून कागदावर उतरवावं. काही गट आकडाच झाकून ठेवतात आणि सगळ्या परीक्षा संपल्यावर उघडतात. मी अलीकडे तसंच करतो आणि त्याने झोप शांत लागते.

उरलेल्या २० टक्क्यांत खळबळीची नेहमीची तूट बसते, आणि एका गुच्छाच्या भिंगाची त्रुटीही तेवढीच असते. दोन्ही वेगळं करायला एक गुच्छ पुरत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दिशांना लांबट असलेले कित्येक गुच्छ एकत्र घ्यावे लागतात, म्हणजे आकाराचा परिणाम सरासरीत विरतो आणि तूट तेवढी उरते. गुणोत्तर १.१ ते १.४ च्या दरम्यान आलं तर मी तिथेच थांबतो. दोनच्या वर राहिलं तर वर्णपट मागतो आणि वेगांत दोन ढिगारे शोधतो. एकाच्या खाली गेलं, म्हणजे भिंगच कमी पडलं, तर आधी दाटीची परीक्षा, मग केंद्र चुकीच्या जागी धरलं आहे का ते, आणि शेवटी नुकत्याच झालेल्या टकरीच्या धक्क्याने वायू तात्पुरता जास्त तापला आहे का ते.

ताम्रसृती दीडच्या पुढे गेली की यातली बरीच साधनं थकतात. मागे दीर्घिका उरत नाहीत, क्ष-किरण मोजके येतात. तिथे विश्वपार्श्वभूमीचाच पडदा म्हणून उपयोग करता येतो. ती प्रत्येक गुच्छाच्या मागे असते आणि तिचं अंतर पक्कं माहीत आहे. २०१५ पासून या पद्धतीने गुच्छांचं सरासरी वस्तुमान मोजलं जातं आहे. एका गुच्छासाठी खूण फार क्षीण आहे, शेकडो एकावर एक रचावे लागतात. तुमचा एकटा गुच्छ तिथे असेल तर दोन्ही आकडे, दोन्ही त्रिज्या, दुर्बिणीचं नाव आणि वापरलेला नियम असं सगळं तक्त्यात द्या, आणि एम-५०० च्या शेजारी कुठल्या घनतेच्या ५०० पट तेही लिहा.